नव्वद अंशांवर कलावतीकाकी

डोंबिवलीजवळच्या भोपर गावातल्या गोपीनाथकाकांनी माइकच्या अंगावर ऑइलपेंटने तीन शब्द लिहिले होते: गोल, पान, आठ. खटका ज्या शब्दावर असेल तसा तो माइक ऐकायचा. गोलवर चारही बाजूंचं. पानवर समोरचं भरपूर आणि मागचं जवळजवळ नाहीच. त्याचा आलेख काढला तर विड्याच्या पानासारखा दिसतो. आठवर समोरचं आणि मागचं, पण डाव्या-उजव्या बाजूचं नाही. या तिन्ही प्रकारांना इंग्रजी नावं आहेत आणि इंजिनिअरिंगला असताना मी ती परीक्षेपुरती घोकली होती. काकांची नावं ऐकल्यापासून ती वापरावीशी वाटली नाहीत.

हा माइक आम्ही दोघांनी मिळून केला. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यातही आम्ही दोघं होतो.

काका गावातले, म्हणजे मूळचे. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. त्याबद्दल काका कधी काही बोलले नाहीत, त्यांच्या आई सखुबाई बोलायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मी कुठल्या मजल्यावर राहते ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा किचन हाय ना, तिथं खाली आमचा खला होता." भात झोडायचं खळं. तेव्हापासून आई कुकर लावते तेव्हा मला ते खळं आठवतं.

जमीन गेल्यावर गावातल्या बऱ्याच जणांनी चाळी बांधल्या आणि भाड्यावर निवांत झाले. काकांनीही एक बांधली, पण सोल्डरिंगची कांडी सोडली नाही. घराच्या तळमजल्यावर त्यांचं अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. हळदीच्या आदल्या दिवशी बंद पडलेली मशीनं तिथे यायची आणि संध्याकाळपर्यंत बोलती होऊन जायची. दहावी नापास माणूस. पण नुसत्या वासावरून कुठला कपॅसिटर गेलाय ते सांगायचा. मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासण्याचं काम करते. मला मीटर लागतो.

लॉकडाऊनमध्ये मी ऑनलाइन एक स्वस्तातला माइक मागवला होता, घरी बसून गोष्टी रेकॉर्ड करायला. त्यात इतकी खरखर होती की गोष्ट पावसात भिजत सांगितल्यासारखी वाटायची. तो घेऊन काकांकडे गेले. त्यांनी तो उघडला, आत पाहिलं आणि हसायला लागले. बाहेरून नारळाएवढी जाळी आणि आत शेंगदाण्याएवढी कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग. लग्नात मोठ्ठा मांडव घालून आत दोनच पाहुणे, असं म्हणाले.

मग आमचा नाद सुरू झाला. आधी जाळीचे आतले दोन पदर कापून काढले, कारण आवाज त्यांच्यातच आपटून खराब होत होता. मग कपॅसिटर बदलले. मग मी दोन पडद्यांची मोठी कॅप्सूल मागवली. तिला पुढे एक पडदा असतो आणि मागे एक. दोघांचा आवाज एकत्र केला की गोल. एकच घेतला की पान. आणि एकातून दुसरा वजा केला की आठ, कारण बाजूने येणारा आवाज दोन्ही पडद्यांवर सारखाच पोचतो आणि वजाबाकीत पुसला जातो. मी हे कागदावर मांडून दाखवलं. काकांनी कागद बाजूला ठेवला आणि तीन खटक्यांचं स्विच शोधायला उठले. अर्ध्या तासात समजलेलं त्यांना हातांनी करायला तीन रविवार लागले, आणि ते मला अजूनही जमलं नसतं. त्या कॅप्सूलच्या तारा केसापेक्षा थोड्याच जाड असतात.

कलावतीकाकी, म्हणजे काकांची बायको, दर रविवारी दुकानात डोकावून जायची. चहा ठेवायची आणि विचारायची, "झाला का तुमचा बाळंतपन?"

काकी कळव्याची. उंच, भराभर चालणारी, बोलता बोलता हसणारी. काही वर्षांपूर्वी तिचं गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, थायरॉइडचं. तेव्हापासून आवाज फाटला होता. बोलताना एका आवाजाच्या खाली दुसरा घासल्यासारखा यायचा. ती स्वतःच त्याची टिंगल करायची. गिरणीचा पट्टा म्हणायची त्याला.

माइक तयार झाला तेव्हा तो खरंच तसा ऐकतो का, हे मोजायचं होतं. खोलीत मोजून उपयोग नसतो, भिंतींवरून आवाज परत येतो. म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. सकाळची वेळ होती. मधोमध माइक उभा केला, भोवती खडूने वर्तुळ काढलं आणि दर तीस अंशांवर खूण केली. कोणीतरी त्या वर्तुळावरून फिरत प्रत्येक खुणेवर उभं राहून सारख्याच आवाजात बोलायला हवं होतं. मी आणि काका माइकच्या मागच्या बाजूला लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन बसलो. काकी पापड वाळत घालायला वर आली होती. तिला पकडलं.

काय बोलू, म्हणाली. मी म्हटलं, ज्या खुणेवर उभी आहेस तिचा आकडा बोल.

ती फिरली. शून्य. तीस. साठ. खटका आठवर होता. साठला आवाज बारीक झाला. नव्वदच्या खुणेवर ती उभी राहिली आणि तिचे ओठ हलले, पण हेडफोनमध्ये काही नाही. लॅपटॉपवरची आवाज दाखवणारी हिरवी पट्टी खाली बसून राहिली. मी एका कानावरचा हेडफोन उचलून खात्री केली, ती बोलतच होती. तिने आमचे चेहरे पाहिले आणि ती समजली.

"मंग हितं मी नाय का?" तिने विचारलं.

आम्ही दोघं इतके खूश होतो. काका म्हणाले, भारी. मी म्हटलं, एकदम भारी, काका. आम्ही टाळी दिली. काकी हसली आणि पुढच्या खुणेवर गेली. एकशे वीस, एकशे पन्नास, असं पूर्ण वर्तुळ करून परत शून्यावर आली आणि पापडांकडे गेली.

आता सखुबाईंबद्दल सांगायला हवं. सखुबाई धवलारीण. आगरी लग्नात मांडव पडल्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाऊन विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी असतात, पण धवलारीण आली नाही तर हळद लागत नाही, असं सखुबाई सांगायच्या. पंचक्रोशीत आता अशा दोन-तीनच उरल्या होत्या आणि सखुबाई त्यांत सगळ्यात मोठ्या, ऐंशीच्या आसपास. पायांमुळे त्यांना कुठे जाववत नव्हतं. शहाडकडच्या, शीळफाट्याकडच्या लोकांचे फोन यायचे आणि काकांना नाही म्हणावं लागायचं. म्हणून काकांच्या मनात आलं की आईचे सगळे धवले रेकॉर्ड करून ठेवायचे. ज्यांच्याकडे धवलारीण नाही त्यांना द्यायचे. आणि आईनंतरही ते राहतील. माइकचा सगळा खटाटोप आधी माझ्या गोष्टींसाठी सुरू झाला होता, पण त्याचं खरं काम हे होतं.

मधल्या मजल्यावरच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या, पंखा बंद केला, सखुबाईंना माइकसमोर बसवलं. त्यांनी एक ओळ म्हटली आणि थांबल्या. काका म्हणाले, आये, पुढे. त्या म्हणाल्या, "मागं कोन धरला नाय तं मना पुढचा आठवत नाय."

धवला एकटीने म्हणायचा नसतोच. एक बाई ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ मागून धरते, तेवढ्यात पहिली श्वास घेते आणि पुढची ओळ मनात आणते. साठ वर्षं सखुबाई अशाच गात आल्या होत्या. गेली पंचवीस वर्षं मागे धरणारी कलावतीकाकी होती. मागून सुनेचा आवाज आला की सासूला पुढची ओळ आपोआप सुचायची. ती यंत्रणाच दोघींची होती. एकीला काढून ती चालत नव्हती.

तर काकी पाटावर येऊन बसली आणि दोघी गायल्या. सखुबाईंचा आवाज वयाच्या मानाने इतका स्वच्छ होता की काकांनी डोळे मिटून घेतले. आणि मग मागून काकीचा आवाज आला. घोगरा, मधेच चिरणारा, वरच्या जागेवर पोचताना घसरणारा. आम्ही ऐकून पाहिलं तेव्हा काकीनेच कान धरले.

"माजा नको घेऊस," ती काकांना म्हणाली. "लोकं घाबरतील. आयचा घे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला उत्तर सुचलं. मला अजूनही तो क्षण आठवतो, कारण इतका आनंद झाला होता. खटका आठवर करायचा, सखुबाई समोर, काकी बरोबर नव्वद अंशांवर. ती गाईल, सखुबाईंना ऐकू येईल, माइकला येणार नाही. मी खडूने जमिनीवर खूण केली आणि काकीचा पाट तिथे सरकवला. तिला सांगितलं, काकी, इथून हलायचं नाही. तिने मान डोलावली. पहिली ओळ घेतली. सखुबाई स्पष्ट, मग तेवढ्याच लांबीची शांतता, मग सखुबाई.

सहा महिने, रविवारी सकाळी, आम्ही हेच केलं. एकेचाळीस धवले. काकी डाळ शिजत टाकून यायची आणि त्या पाटावर बसायची. कधी कंबर अवघडली म्हणून जरा पुढे सरकली, तर मी हेडफोनमधून ओळखायचे आणि हाताने मागे सरक अशी खूण करायचे. ती सरकायची. तिने कधी तक्रार केली नाही. आणि आम्ही विचारलं नाही, कारण नको घेऊस असं तिनेच तर म्हटलं होतं.

घरी आणून मी त्या फाइल्स साफ केल्या. ओळींच्या मधल्या शांतता कापल्या, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटलं असतं की गाणं बंद पडलं. एका ओळीला दुसरी जोडली. काकांना ऐकवलं, ते म्हणाले, आता कसं सलग झालं. कच्च्या फाइल्सनी लॅपटॉप भरून गेला होता. काकांना विचारलं, उडवू का? सोल्डरिंग करता करता ते म्हणाले, काम झालंय ना, उडव. मी उडवल्या.

ते धवले पेनड्राइव्हवरून चारीकडे गेले. कुठूनकुठून व्हिडिओ यायचे, मांडवात स्पीकरवर सखुबाई गातायत आणि खाली बायका नवरीला हळद लावतायत. काका ते व्हिडिओ दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. माझं नावही सांगायचे, ही आमची इंजिनिअर.

गेल्या गणपतीनंतर, गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, काकी ओट्यापाशी उभी असताना खाली कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी ऑफिसात होते, दिशाचा, म्हणजे काकांच्या मुलीचा फोन आला. डोंबिवलीतून काकीला ठाण्याला हलवलं, मी वागळे इस्टेटहून हॉस्पिटलात पोचले तोवर काका व्हरांड्यात एकटेच उभे होते. त्यांच्या हातात काकीच्या बांगड्या होत्या, तपासणीआधी काढून दिलेल्या. तिसऱ्या दिवशी ती गेली. एकावन्न वर्षांची होती.

दिशाचं लग्न ठरलेलं होतं, फेब्रुवारीतलं. ते पुढे ढकलायचं नाही असं सखुबाईंनीच ठरवलं. वर्षाच्या आत उरकावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं.

दिवाळीनंतर एका रविवारी काका आमच्या घरी आले. ते आमच्याकडे कधी येत नसत. आईने चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून तसाच ठेवला. मग म्हणाले की दिशाने एकच गोष्ट मागितली आहे. तिच्या हळदीला धवला लागेल तो आजीचा आणि आईचा, दोघींचा लागला पाहिजे. पुढे आजी, मागे आई. घरात सगळे फोन पाहून झाले होते. काकी बोलतानाचे तुकडे होते, दोन-दोन सेकंदांचे, बहुतेक वेळा बंद कर ते असंच म्हणणारे. गाण्याचा एकही नाही. हळदीच्या व्हिडिओंमध्ये डीजेखाली सगळं बुडालेलं.

"तुझ्याकडं त्या कच्च्या फायली आहेत ना," काका म्हणाले. "तू म्हटलेलीस ना, खोलीत पूर्ण पुसला जात नाही, भिंतीवरून थोडा येतोच. तो थोडा आवाज मोठा करून काढता येईल."

ते अगदी बरोबर बोलत होते. तंत्र म्हणून बरोबर. आठच्या बाजूला बसलेल्या माणसाचा सरळ आवाज जातो, पण गाद्यांतून सुटून भिंतीवर आपटून आलेला थोडासा राहतो. त्या शांततांमध्ये काकी होती. पुसट, पण होती. प्रत्येक ओळीमागे पूर्ण एक ओळ, एकेचाळीस धवल्यांची.

मी त्यांना सांगितलं की मी त्या उडवल्या आहेत.

मी म्हटलं, तुम्हाला विचारलं होतं. हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. म्हणायला नको होतं.

"हो," काका म्हणाले. "मीच सांगितलं होतं उडव." आणि त्यांनी बशीतला गार झालेला चहा संपवला, आईला वाईट वाटू नये म्हणून.

उडवलेल्या फाइल्स परत आणण्याचे जेवढे मार्ग मला माहीत होते तेवढे मी वापरले. ऑफिसातल्या एका मित्राने लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला. त्या जागेवर नंतर कितीतरी दुसरं लिहिलं गेलं होतं. काही मिळालं नाही. मग मी साफ केलेल्या फाइल्स घेऊन बसले. काही ठिकाणी सखुबाईंची ओळ संपण्याआधीच काकीने सुरुवात केली होती आणि मी नेमकं तिथे कापलं नव्हतं. ओळीच्या शेपटाला तिचं पहिलं अक्षर लागून राहिलं होतं. असे अकरा तुकडे निघाले. प्रत्येक अर्ध्या सेकंदाहून कमी. मी ते वाढवले, खरखर कमी केली आणि दुकानात नेऊन काकांच्या कानाला लावले. शेजारच्या घरात कोणीतरी गायला तोंड उघडतंय आणि दार बंद होतंय, असं अकरा वेळा. काकांनी एकदाच ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

दिशा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "तुला माहितीये, आई तो पेनड्राइव्ह किचनमध्ये लावायची. आजीच्या मागे म्हणायला बघायची. पण तुम्ही मधली जागाच ठेवलेली नव्हती ना. हिची ओळ सुरू व्हायची तोवर आजीची पुढची आलेली असायची. मग हसायची आणि म्हणायची, आजी धावत सुटल्या." दिशा हे रागाने म्हणाली नाही. नुसतं सांगितलं. आणि वर निघून गेली.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. कामाच्या फोल्डरमध्ये, मोजमापांच्या आलेखांसोबत, गच्चीवरची ती फाइल. ती मी उडवली नव्हती, कारण ते मोजमाप होतं. काकांना सांगितलं की यात गाणं नाही, काकी नुसते आकडे बोलतेय. लाव, म्हणाले.

शून्य. तीस. तिचा आवाज एकदम जवळ, स्वच्छ, चिरलेला, तसाच्या तसा. मागे कावळा. साठ, बारीक. मग काही नाही. आणि मग, अगदी स्पष्ट, मोठ्याने, काकांचा आवाज: भारी. आणि माझा: एकदम भारी, काका. आणि टाळी.

आम्ही मागच्या बाजूला बसलो होतो ना. आठवर मागचंही ऐकू येतं.

काकांनी ते मागे घेतलं आणि परत लावलं. साठ. शांतता. भारी. एकदम भारी, काका. त्यांनी तिसऱ्यांदा लावलं. मग मला विचारलं, "तिथं ती काय बोललेली?"

त्यांना आठवत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. मी सांगितलं की ती म्हणाली होती, मंग हितं मी नाय का.

"आणि आपण काय उत्तर दिलं," काका म्हणाले. हा प्रश्न नव्हता. त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं, आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मी आत बसून राहिले. समोर एका गिऱ्हाईकाचा अॅम्प्लिफायर उघडा पडला होता, त्याचा लाल दिवा लागलेला होता. तो बंद करावा की नाही तेही मला कळेना.

सखुबाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. लग्नाच्या आधी आठ दिवस त्यांनी काकांना बोलावून सांगितलं की दिशाच्या हळदीला पेनड्राइव्ह लावायचा नाही. त्या स्वतः गाणार. काका म्हणाले, आये, मागे कोण धरेल? सखुबाईंच्या बहिणीची सून रतन शीळफाट्याहून येणार होती, तिला थोडं येत होतं. सखुबाई म्हणाल्या, बघू.

हळद सकाळी होती. अंगणात मांडव, उंबराची डहाळी बांधलेली, दिशा पिवळ्या साडीत पाटावर. सखुबाईंना खुर्चीवर आणून बसवलं. त्यांनी काकांना एक पाट मागितला आणि आपल्या उजव्या हाताला ठेवायला लावला. त्यावर कोणी बसलं नाही. काकांनी माइक आणला आणि सखुबाईंच्या समोर उभा केला. मी खटक्याकडे पाहिलं. तो गोलवर होता.

सखुबाईंनी पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. रतनने श्वास घेतला आणि मागून धरायला सुरुवात केली. सखुबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिची जागा हाय ती," म्हणाल्या. "राहू दे."

रतन गप्प झाली. सगळा मांडव गप्प झाला. सखुबाई पाटाकडे पाहत होत्या. एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला, आणि त्यांनी दुसरी ओळ म्हटली. परत थांबल्या. काकीशिवाय त्यांना पुढचं आठवत नाही असं त्या म्हणायच्या, पण त्या दिवशी त्या अडखळल्या नाहीत. त्यांना तो आवाज कुठून येत होता ते मला माहीत नाही. माझा ज्यावर विश्वास आहे ते शास्त्र त्या माइकच्या आत संपतं. बायकांनी हळदीची बोटं दिशाच्या गालाला लावली, दिशा पुढे बघत बसून राहिली, आणि प्रत्येक ओळीमागे तेवढीच लांब शांतता येत राहिली. बावीस ओळी होत्या. काका माइकच्या शेजारी हेडफोन लावून उभे होते आणि प्रत्येक शांततेत त्यांचं बोट बटणावर आवाज वाढवत होतं, आणि ओळ सुरू झाली की परत कमी करत होतं.

त्या फाइलची प्रत काकांनी मला दिली. मी ती खूपदा ऐकली आहे. गोलवर सगळं येतं. तिसऱ्या शांततेत मागच्या गल्लीतला कुकर आहे. सातव्यात एक लहान मुलगी विचारते की आजी का थांबली, आणि तिला कोणीतरी गप्प करतं. बाराव्यात दिशाच्या बांगड्या. शेवटच्या शांततेत माइकच्या अगदी जवळ एका पुरुषाचा आवाज आहे. गाणं नाही ते. बायकांचं गाणं पुरुष म्हणत नाहीत, आणि काकांना सूर नाहीच. पण ओठातल्या ओठात ते शेवटची ओळ बोलतायत, शब्द न् शब्द, आणि मधे कुठेतरी त्यांचा श्वास तुटतो.

फाइल हातात आल्यावर मी सवयीने विचारलं होतं, काका, यात काही साफ करायचंय का?

"काही काढू नकोस," ते म्हणाले.